मॉरिशसचा फेरफार

पहिला दिवस

गणपतीत कोकणातला माणूस घर सोडत नाही आणि दिवाळीला लेक माहेरी येते. त्यामुळे आमचा मॉरिशसचा मुहूर्त नोव्हेंबरच्या मध्यावर गेला. तिकिटं लेकीनंच काढली होती. "बाबा, समुद्र बघा, आराम करा, तिथं तरी दप्तर काढून बसू नका," एवढं बजावून तिनं आम्हाला विमानतळावर सोडलं. मी 32 वर्षं तलाठी होतो. समुद्र तर आमच्या मागीलदारी आहे. मला नव्या मुलखात आधी जमीन दिसते.

मुंबईहून सहा-एक तासांत पोचलो. हिची बॅग दुसऱ्या दिवशी आली. त्या विषयावर मी इथं काही लिहीत नाही, ही आठवडाभर पुरेसं बोलली आहे.

विमानतळ सोडला की दोन्ही बाजूंना ऊस. काही शेतं तोडून झालेली, काही उभी. आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांच्या प्रचंड राशी, दोन-दोन मजली घराएवढ्या, कडेनं नीट रचलेल्या. आधी मला वाटलं एखाद्या गढीचे बुरूज असतील. टॅक्सीवाला मोडक्या हिंदीत म्हणाला, "रोस, रोस." रोस म्हणजे दगड. हे बेट ज्वालामुखीचं. ऊस लावायचा तर आधी रानातला दगड वेचायचा, आणि तो वेचला माणसांनी, हातांनी. आधी गुलामांनी, मग आपल्याकडून नेलेल्या मजुरांनी. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक गटाचा पोटखराबा, म्हणजे पिकाखाली न येणारा भाग, एका जागी गोळा करून ठेवलेला. लागवडीचं क्षेत्र किती ते सातबाऱ्यावर येतं, ते लागवडीखाली कुणी आणलं त्याला रकाना नसतो.

राहायची सोय कात्र बोर्न नावाच्या गावात, एका घरगुती लॉजमध्ये होती. नावाचा अर्थ विचारला तर चार हद्दीचे दगड! चार उसमळ्यांच्या सीमा इथं मिळत होत्या, म्हणून हे नाव. चतुःसीमेवरून नाव पडलेल्या गावात तलाठ्यानं मुक्काम करावा, हा योग लेकीनं मुद्दाम जुळवला नव्हता, पण मी तिला तसं श्रेय देऊन टाकलं.

दुसरा दिवस

बसनं पोर्ट लुई. धक्क्यासमोर माहे द ला बुर्दोनेचा पुतळा, बंदराकडे तोंड करून. दोन रांगा ताडांच्या, आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला सरकारवाड्यासमोर व्हिक्टोरिया राणी, दगडाची. फ्रेंच गव्हर्नर एका टोकाला, ब्रिटिश राणी दुसऱ्या टोकाला, दोघंही जागच्या जागी. स्वातंत्र्य मिळून 50 वर्षं उलटली तरी कुणी कुणाला हलवलं नाही. मला आधी नवल वाटलं, मग दिवसभरात त्याचं कारण कळत गेलं.

बेटाचे फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, थोडक्यात असे. 1598 ला डच उतरले, राजपुत्र मॉरिट्सचं नाव बेटाला दिलं. 1638 ला वस्ती केली, काळं शिसवीसारखं लाकूड तोडून नेलं, जावाहून ऊस आणला, डोडो पक्षी संपला, आणि 1710 ला बेट सोडून निघून गेले. 1715 ला फ्रेंचांनी दावा सांगितला. 1735 ला ला बुर्दोने आला, त्यानं बंदर बांधलं. 1810 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं. 1968 च्या 12 मार्चला स्वतंत्र.

यातली 1810 ची नोंद बारकाईनं वाचायला हवी. शरण येताना फ्रेंच वसाहतवाल्यांनी अट घालून घेतली: आमचा धर्म, आमचे कायदे, आमचे रिवाज आणि आमची मालमत्ता तशीच राहील. इंग्रजांनी कबूल केलं. त्यांना हिंदुस्थानच्या वाटेवरचं बंदर हवं होतं, जमिनी नको होत्या. म्हणजे सरकार बदललं, कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, नावं तीच राहिली. म्हणून आजही इथं विधानसभेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंच, दिवाणी कायदा नेपोलियनच्या वळणाचा आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये. जमीन अजूनही आर्पां या जुन्या फ्रेंच मापात बोलली जाते. मी मोबाईलवर हिशेब केला: एक आर्पां म्हणजे सुमारे 42 गुंठे. एकरापेक्षा दोन गुंठे जास्त. ही म्हणाली, "झालं का सुरू?"

बंदराजवळ जुनं लष्करी रुग्णालय आहे, ला बुर्दोनेच्या काळातलं, गुलामांच्या कष्टांवर उभं राहिलेलं. तिथं आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. मादागास्कर आणि मोझांबिककडून माणसं आणली जात, काही आपल्या किनाऱ्यावरूनही. 1723 मध्ये गुलामांविषयीचा फ्रेंच कायदा या बेटांना लागू झाला. त्यातलं एक कलम मी आयुष्यभर वापरलेल्या शब्दात आहे: गुलाम ही जंगम मालमत्ता. बैल, गाडी, भांडीकुंडी, आणि माणूस. पळून गेला तर पहिल्यांदा कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पायाची नस तोडायची, तिसऱ्यांदा जीव. क्रूरपणा सगळ्या काळात असतो, पण हे इतकं पद्धतशीर, कलमवार लिहिलेलं वाचून मला आमच्या नियमावल्यांची छपाई आठवली. तोच निवांत सूर.

1 फेब्रुवारी 1835 ला इथली गुलामगिरी रद्द झाली. तेव्हा 60,000 हून अधिक माणसं गुलाम होती. भरपाई मिळाली, 20 लाख पौंडांहून जास्त. मिळाली मालकांना. जंगम मालमत्ता सरकारनं संपादित केली, मग मोबदला मालकालाच जाणार, नाही का? मी स्वतः धरणाच्या संपादनात मोबदल्याच्या याद्या केल्या आहेत, त्यामुळे तो हिशेब मला लगेच कळला, आणि कळला याचंच वाईट वाटलं. सुटलेल्यांना ना पैसा, ना जमीन. वर मुदतीची उमेदवारी, म्हणजे त्याच मालकाकडे आणखी चार वर्षं काम. संपूर्ण साम्राज्यात अशी 2 कोटी पौंडांची भरपाई दिली गेली आणि त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाते 2015 पर्यंत फेडत होते.

तिथून पाच मिनिटांवर आप्रवासी घाट, बाहेरून आणलेले मजूर उतरवायचा धक्का. उसाला माणसं लागणारच होती. 1825 ला मॉरिशसच्या साखरेवरचं जकातीचं ओझं वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आलं आणि मळे भराभर वाढले. गुलाम सुटण्याच्या आधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'अ‍ॅटलास' जहाजातून 36 करारी मजूर उतरले. पुढच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बंदरात आली. गुलामाऐवजी करारावरचा मजूर चालतो का, याचा ब्रिटिश सरकारनं केलेला हा प्रयोग. चालतो असं दिसल्यावर त्रिनिदाद, गयाना, फिजी.

मूळ आवारातला थोडाच भाग उरला आहे, मधून मोटाररस्ता गेलाय. द्वारपालाची खोली, दवाखान्याच्या भिंती, मोरी, चुलवण आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांना हात लावू नये म्हणतात, पण मी लावला. काळा दगड, कडा झिजलेल्या. पूर्वी पाणी इथपर्यंत होतं. माणूस उतरला की किमान दोन दिवस इथं ठेवायचा, नोंद करायची, नंबर द्यायचा आणि मळ्यावर पाठवायचा. करार बहुधा पाच वर्षांचा, पगार महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. आणि 'डबल कट': एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडून पंधरा दिवस झोपलेला माणूस उठतो तेव्हा मालकाचा कर्जदार झालेला असतो.

करार संपलेल्यांनी मळ्याबाहेर राहू नये म्हणून 1867 चा कायदा आला. खिशात फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास, जिल्हा ओलांडायचा नाही. नसेल तर भटक्या म्हणून तुरुंग. 1871 ला अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या, सासऱ्याचा मळा सांभाळणाऱ्या एका युरोपियनानं या जाचाविरुद्ध अर्ज लिहिला, 9,401 जुन्या मजुरांच्या नावांनी. मळेवाल्यांनी भर रस्त्यात त्याला मारलं. पण अर्ज वर गेला आणि लंडनहून चौकशी आयोग आला. अर्ज हे किती मोठं हत्यार असतं ते कचेरीच्या या बाजूला बसणाऱ्यालाच ठाऊक.

परतताना बायको बसमध्ये गप्प होती. उतरल्यावर म्हणाली, "उद्या कुठंही न्या, संग्रहालयात नको."

तिसरा दिवस

पाऊस. बाजारात गेलो, डाळपुरी खाल्ली. आपल्या पुरणपोळीचा तिखट चुलतभाऊ, दोन-दोन जोडीनं देतात, आत घेवड्याची भाजी आणि चटणी. विकणारा ख्रिस्ती, मागे उभा असलेला चिनी, पुढचा मुसलमान, सगळे क्रिओलमध्ये बोलत होते. फ्रेंच मालक आणि आफ्रिकन गुलाम यांच्या मधल्या हुकुमाहुकुमीतून झालेली ही भाषा, आता सगळ्यांची आहे. सरकारदरबारी मात्र तिला मान अलीकडेच मिळू लागलाय. दुपारी झोप.

चौथा दिवस

नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न. समुद्रातून सरळ उठलेला 556 मीटरांचा कडा. पळालेले गुलाम या डोंगराच्या आसऱ्यानं राहत. सांगतात की 1835 ला सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर चढले, लपलेल्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही हकीकत कागदात नाही, लोकांच्या तोंडी आहे. मी कागदाचा माणूस, पण इथं कागदाचा आग्रह धरावासा वाटला नाही. सरकारी शिपाई चांगली बातमी घेऊन येतो यावर विश्वास बसायला त्या माणसांकडे एकही कारण नव्हतं.

पायथ्याशी एक स्मारक आहे, आणि त्याला लागूनच आलिशान हॉटेलांचा किनारा. इथं मला एक घबाड सापडलं. फ्रेंच अमलापासून किनाऱ्यालगतची पट्टी राजाची राखीव, 50 'भूमितीय पावलं' रुंद. आजच्या मापात 81.21 मीटर. त्या काळी तोफा लावायला आणि संरक्षणाला. पुढं राजा गेला, ब्रिटिश गेले, पट्टी सरकारकडेच राहिली. आता सरकार ती हॉटेलांना आणि बंगल्यांना भाडेपट्ट्यानं देतं. मी वाळूवरून आत 81 मीटर मोजायला लागलो. पावलं मोजत हॉटेलच्या हिरवळीवर पोचलो तेव्हा रखवालदारानं हटकलं. मी इंग्रजीत म्हटलं, "सरकारी जागा आहे ना ही?" तो हसला आणि अदबीनं बाहेरचा रस्ता दाखवला. बायको गुलमोहराखाली बसून हे बघत होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, शेजारचाच. तिथं तो आपल्याहून जास्त लाल वाटला, की उन्हामुळं, कोण जाणे.

पाचवा दिवस

आजचा दिवस मूळ बेतात नव्हता. आमच्या लॉजच्या मालकिणीनं एका ओळखीच्या बाईंना सांगितलं होतं की महाराष्ट्राची माणसं आली आहेत. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला पश्चिमेला, कास्काव्हेलच्या बाजूला. त्या पट्ट्यात मराठी वंशाची घरं पूर्वीपासून आहेत.

दारातच त्या म्हणाल्या, "यावे, बसावे. आपण कोठून आलात?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. इतकं शुद्ध मराठी आमच्या तहसीलदारांनीसुद्धा कधी काढलं नव्हतं. शिकलेली भाषा, घरात क्रिओल आणि भोजपुरी. पण देवघर, आरती, आजी, भाकर हे शब्द पुस्तकातले नव्हते, ते वेगळ्याच सुरात येत होते. चहा झाल्यावर त्यांनी मोबाईलवर गणेशोत्सवातला नाच दाखवला, 'झाकरी' म्हणाल्या. पायांची ठेवण बघून बायकोनं मांडीवर थाप मारली. "अहो, ही तर आपली जाखडी!" गणेश चतुर्थीला इथं देशभर सुट्टी असते.

मग त्यांनी एक प्लॅस्टिकची फाइल आणली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या मूळ नोंदवह्या आहेत, वंशजांना तिथून उतारा मिळतो. बाईंनी तो ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या ओळखपत्रासाठी, काढला होता. भारत सरकारनं मॉरिशसच्या लोकांना ते आता सातव्या पिढीपर्यंत देऊ केलंय. सातव्या पिढीला वारसनोंद! मी चष्मा पुसला.

नंबर. नाव. बापाचं नाव. वय 22. जात मराठा. उंची 5 फूट 2 इंच. ओळखीची खूण: डाव्या नडगीवर वण. (कोयतीचा असणार. कवळ तोडताना कोयती निसटते ती तिथंच लागते, माझ्याही नडगीवर आहे.) बंदर मुंबई. जहाजाचं नाव, साल 1850 च्या पुढचं, मळ्याचं नाव. जिल्हा 'रुटनाघेरी'. गाव 'कूंडा'. परगण्याचा रकाना कोरा.

आडनावाचा रकाना नाहीच. त्यामुळं त्या माणसाचं पहिलं नाव हेच या घराचं आडनाव झालं. इथं सखाराम, राघू ही आडनावं दिसतात त्याचं कोडं असं उलगडलं. मुंबईच्या कारकुनानं जे विचारलं तेवढंच उरलं, जे विचारलं नाही ते समुद्रात गेलं.

"आपण महसूल खात्यात होता," बाई म्हणाल्या, "तर हे गाव आपणांस ठाऊक असेल. कूंडा."

आयुष्यभर मी लोकांची वाईट अक्षरं लावत आलो. मोडी लावली, पेन्सिलीचे फेरफार लावले. मी तो शब्द तीनचार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिला आणि लागला. कोंड. रत्नागिरीकडे वाडीला कोंड म्हणतात. कारकुनानं विचारलं असणार, कुठला रे तू? बावीस वर्षांचं पोर, आयुष्यात तालुक्याबाहेर न गेलेलं, म्हणालं असणार, कोंडावरचा. त्याच्या दृष्टीनं उत्तर अगदी बरोबर होतं. घरी कुणीही विचारलं असतं तर तेवढ्यानं भागलं असतं.

आणि रत्नागिरी जिल्ह्यात कोंड नसलेला गाव दाखवा.

मी बाईंना शब्दाचा अर्थ सांगितला. गाव सांगता आलं नाही. त्यांना वाटलं मी नीट बघितलं नाही, त्यांनी खिडकी उघडली, उजेड वाढवला. मी पुन्हा बघितल्यासारखं केलं. बायको मालवणीत हळूच म्हणाली, "सांगान टाका ना खयचातरी, इतक्या लांबसून विचारतत." मला ते जमलं नाही. 32 वर्षांत खोटी नोंद केली नाही. एक-दोनदा मोह झाला होता, पण असा नव्हे.

मग त्यांनी विचारलं, "ते गाव सोडून का आले असतील?" हे मात्र मला सांगता आलं. खोती सांगितली. गावचा वसूल खोताच्या हातात, कूळ म्हणजे त्याचं बांधलेलं. पेशवाईतली ही घडी 1818 नंतर इंग्रजांनी मोडली नाही, आपल्या वसुलाला बसवून घेतली. अर्धं भात खोताला, वर वेठ. 1949 च्या कायद्यानं खोती गेली. पोर मुंबईला पळालं असेल, धक्क्यावर कुणी म्हणालं असेल, चल, साखरेच्या मुलखात पाच रुपये मिळतात. एका कब्जेदाराच्या इतर हक्कातून, म्हणजे सातबाऱ्यावरच्या कुळाच्या रकान्यातून, निघालं आणि दुसऱ्याच्या इतर हक्कात येऊन पडलं. फक्त 1880 च्या सुमारास मोठे मळेवाले अडचणीत आले, तुकडे पाडून विकायला लागले, तेव्हा अशाच लोकांनी साठवलेल्या पैशांतून आर्पां-दोन आर्पां घेतले. बाईंचं घर अशाच तुकड्यावर आहे. खरेदीखत दाखवतात का विचारणार होतो, बायकोनं पाय दाबला.

सहावा दिवस

माहेबुर्ग. 1810 च्या ऑगस्टमध्ये समोरच्या ग्रँड पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराला हरवलं, ग्रँड पोर्ट हे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलंय. दोन्हीकडचे कप्तान जखमी झाले आणि एकाच वाड्यात शेजारी शेजारी त्यांच्यावर उपचार झाले. तो वाडा आता संग्रहालय आहे (बायको बाहेर बसली). सगळ्यांना ही गोष्ट फार उदात्त वाटते. मला एवढंच दिसलं की साहेब लोकांचं आपसात बरं चालायचं.

संध्याकाळी लॉजवर टीव्हीत चागोस बेटांची बातमी. हा शेवटचा फेरफार, अजून चालू असलेला. 1965 ला, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटननं चागोस मॉरिशसपासून तोडलं, बदल्यात 30 लाख पौंड. त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकी तळाला दिलं आणि 1968 ते 1973 मध्ये तिथली सगळी वस्ती उठवली. त्यांची कुत्रीसुद्धा मारली. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कागदावर हंगामी कंत्राटी मजूर म्हटलं, म्हणजे रहिवासी कुणी नाहीच. 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हे तोडणं बेकायदा होतं. 2025 च्या मे महिन्यात करारावर सह्या झाल्या: मालकी मॉरिशसची, दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनकडे भाडेपट्ट्यानं. मालकिणीनं मला विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, सही झाली म्हणजे ताबा मिळाला असं आमच्यात कुणी समजत नाही.

सातवा दिवस

परत. विमानतळाच्या रस्त्यावर पुन्हा त्या दगडांच्या राशी. एकीवर झाड उगवलं होतं, चांगलं मोठं.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, समुद्र कसा होता? बायको म्हणाली, "81 मीटर."

बाईंच्या उताऱ्याची झेरॉक्स मी मागून आणली आहे. संगमेश्वर, चिपळूण, लांजा, सगळीकडे आमच्या खात्यातले जुने मित्र आहेत. पहिला फोन संगमेश्वरला लावला. बापाचं नाव सांगितलं, जात सांगितली, साल सांगितलं, नडगीवरचा वणसुद्धा सांगितला. तो सगळं लिहून घेत होता, पेनचा आवाज येत होता.

"बरं भाऊ," तो म्हणाला, "आणि आडनाव?"